सिरिल हुडाकचं अर्ध्या दराचं तिकीट

सिरिल हुडाक हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच्याइतका चिक्कू माणूस आमच्या वस्तीत दुसरा नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. साबणाची चिपटी उरली की तो ती नव्या वडीला चिकटवतो. कॉफीचा चोथा दुसऱ्यांदा उकळतो. पाव आदल्या दिवशीचा घेतो, कारण तो निम्म्या किमतीत मिळतो. लग्नातला सूटच त्याने मार्गितच्या, म्हणजे माझ्या त्या बहिणीच्या, अंत्यविधीला घातला आणि तो अजून अंगाला बसतो, हे मला चर्चच्या पायऱ्यांवरच सांगितलं. मी रडत होते, म्हणून ऐकून घेतलं.

असा हा माणूस बेसबॉलचं तिकीट मात्र पूर्ण दराने घ्यायचा.

आमच्या शहरात हे नुसतं विचित्र नाही, गुन्हा आहे. ट्रकचे अॅक्सल बनवणाऱ्या कारखान्यावर हे शहर जगलं. कारखान्याच्या युनियनला दर उन्हाळ्यात एका रविवारी सामन्याची तिकिटं अर्ध्या दराने मिळतात. तिसऱ्या बेसच्या बाजूला, सावलीत, सगळे एकत्र. कारखान्याला टाळं लागून बरीच वर्षं झाली, पण म्हाताऱ्यांनी हा रविवार सोडलेला नाही. मी माझ्या नवऱ्याच्या, मायरनच्या, मागे विधवा म्हणून जाते. सिरिलने तर युनियनची वर्गणी निवृत्तीच्या दिवसापर्यंत भरली होती, त्याचा हक्क माझ्याहून जास्त. पण तो रविवार टाळून तो भलत्याच दिवशी एकटा जायचा. मैदानाच्या पार टोकाला, उन्हात, पायऱ्यांना लागून असलेली कडेची खुर्ची घ्यायचा. कडेचीच का, तर मला वाटायचं, वयोमानाने सारखं उठावं लागत असेल.

कारण निराळं होतं, आणि ते समजायला संपाकडे जावं लागेल.

चाळीस वर्षं होत आली त्या संपाला. सगळा उन्हाळा चालला. माणसं पाळीपाळीने गेटवर उभी राहत, बायका चर्चच्या तळघरात सूप करत, आणि प्रत्येकाच्या घरी बटाटा इतक्या प्रकारांनी व्हायचा की मुलं त्याला नावं ठेवायला लागली होती. सिरिलही गेटवर उभा राहायचा. आणि एका सोमवारी पहाटे तो गेटवर उभा न राहता गेटमधून आत गेला. तडजोड आठवड्याभरावर आली होती. कुणालाच ते ठाऊक नव्हतं, पण नंतर सगळ्यांना तेच आठवत राहिलं.

आमच्याकडे माणसाला वाळीत टाकतात ते आरडाओरडा करून नाही. कुणी त्याच्या घराची काच फोडली नाही. कारखान्यात त्याच्या शेजारी कुणी डबा उघडेना, एवढंच. पुढची सगळी नोकरी त्याने आपल्या लेथजवळ उभ्याने जेवून काढली. चर्चमध्ये त्याच्या बाकावर जागा असायची. मायरन, माझा नवरा, त्याच्या स्वतःच्या साडूशी मरेपर्यंत हवापाण्यापलीकडे बोलला नाही. मार्गितला मात्र बायकांनी सोडलं नाही. दर गुरुवारी तळघरात विकण्यासाठी पिरोही, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, व्हायच्या आणि मार्गितइतक्या झटपट कडा मिटणारे हात दुसऱ्या कुणाचे नव्हते.

संपाच्या पुढच्या उन्हाळ्यात सिरिल त्या रविवारी आला होता. मी होते तिथे. सामन्यात खायचं घेण्याची आमची रीत अशी, की फेरीवाला पायऱ्यांवर उभा राहतो आणि आपण रांगेत जिथे असू तिथून नोट शेजाऱ्याच्या हातात द्यायची. ती हातोहात फेरीवाल्याकडे जाते, आणि त्याच वाटेने हॉट डॉग आणि सुटे पैसे परत येतात. अनोळखी माणसंसुद्धा हे करतात. कुणी कुणाचे पैसे खात नाही, कुणी नाही म्हणत नाही. सिरिलने नोट पुढे केली. बर्नी टोमकोने ती घेतली. संपात गेटवरच्या माणसांचा म्होरक्या तोच होता, आणि त्याची बायको इर्मा दर गुरुवारी मार्गितबरोबर पिरोही करायची. नोट त्याच्या हातून पुढे गेली, आणखी दोघातिघांच्या हातून गेली, आणि मग कुठूनतरी मागे फिरली. फेरीवाला ओरडत वर निघून गेला. नोट जशीच्या तशी सिरिलच्या हातात आली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली आणि शेवटचा गडी बाद होईपर्यंत बसून राहिला, कारण सामना अर्धा टाकून जाणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. पण त्या दिवसापासून त्याने पायऱ्यांलगतच्या खुर्चीशिवाय तिकीट घेतलं नाही. तिथे फेरीवाल्याशी थेट बोलता येतं.

मार्गित जाऊन दोन हिवाळे झाले. यंदा वसंतात बर्नी टोमकोचा मला फोन आला. बर्नी आता ऐंशीला टेकला आहे, दोन्ही गुडघे गेलेले, आवाज मात्र गेटवरचा. म्हणाला, "ओल्गा, यंदा सिरिलचं तिकीट आमच्यात काढतोय. तू त्याला घेऊन ये."

मी विचारलं, आज अचानक कशी आठवण झाली. तो म्हणाला, सगळं फोनवर बोलायचं नसतं. मला वाटलं, म्हातारपण. रांग भरायला माणसं उरली नाहीत. दर वर्षी एक-दोन खुर्च्या रिकाम्या व्हायच्या आणि आम्ही त्यांवर कोट ठेवून बसायचो.

सिरिलकडे तिकीट घेऊन गेले तर त्याने ते हातात घेतलं नाही. चष्मा लावून, मी धरलेलं असतानाच वाचलं. त्यावर युनियनचं नाव होतं आणि खाली छापलं होतं, सभासद सवलत.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"तुझं नाव घालून काढलंय. आणि निम्म्या दरात आहे. तू आजारी आहेस का?"

तो हसला नाही. बर्नी स्वतः बोलला का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग पुन्हा विचारलं, नाव घेऊन बोलला का. मी म्हटलं, नाव घेतल्याशिवाय तुझं तिकीट कसं काढेल, बाबा. तो उठला आणि नळाखाली कप विसळत बसला, जो आधीच स्वच्छ होता. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला की मार्गित असती तर तिला बरं वाटलं असतं. आणि एकदम शरमलेल्या आवाजात विचारलं की पैसे बर्नीला द्यायचे की तुला.

त्या रविवारी मी त्याला न्यायला गेले तेव्हा तो पायरीवर येऊन बसलेला होता. दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटीला कापलं होतं. डोक्यावर आमच्या संघाची जुनी निळी टोपी, जिचा पुढचा भाग उन्हाने पांढरा पडला होता, मैदानाच्या टोकाला बसून बसून. वाटेत त्याने तिकीट खिशातून काढून तीनतीनदा पाहिलं. मी म्हटलं, ते पळून जात नाही. तरी पाहिलं.

आमच्या रांगेत पायऱ्यांकडून आधी चार जण होते, मग मी, मग सिरिल, त्याच्या पलीकडे बर्नी आणि बर्नीच्या पलीकडे बाकीचे. त्या चौघांतला रूडी अगदी पायऱ्यांजवळ बसला होता. त्याने गुडघे आत घेऊन सिरिलला जाऊ दिलं आणि म्हणाला, "या, साहेब. बसा सावलीत. सवय नसेल." सगळे हसले. सिरिलही हसला. अशी चेष्टा ऐकून त्याला चाळीस वर्षं झाली होती, आणि ती ऐकताना तो जरा झुकला होता, पुढचंही नीट ऐकू यावं म्हणून.

दुसऱ्या डावात हॉट डॉगवाला आला. बर्नीने नोट काढली आणि सिरिलपुढे धरली. सिरिल त्या नोटेकडे बघत राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. बर्नी म्हणाला, "अरे पुढे दे ना. का व्याजाने देतोयस?" सिरिलने ती माझ्या हातात दिली, मी पुढे दिली, आणि थोड्या वेळाने रूडीपासून निघालेले दोन हॉट डॉग सरकत सरकत आले. एक सिरिलने बर्नीला दिला. दुसराही पुढे केला, तो बर्नीने परत त्याच्याच हातात ठेवला. वर कांदा होता, मोहरीचा सॉस होता. म्हणाला, खा, थंड होतंय.

तो कसा खाल्ला त्याने, ते मी पाहिलं नाही. मी मुद्दाम मैदानाकडे पाहत होते.

पुढचे चार-पाच डाव सिरिल हुडाकच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत. बर्नीच्या पलीकडची माणसं खादाड. खाऱ्या शेंगांच्या पिशव्या, बिअर, पुन्हा शेंगा, आणि प्रत्येक वस्तू सिरिलच्या हातातून जायची. तो दोन्ही हात मांडीवर तयार ठेवून बसला होता. बिअरचा ग्लास आला की फेस सांडू नये म्हणून श्वास धरून पुढे द्यायचा. सुटे पैसे आले की मोजायचा नाही, मूठ तशीच पुढे. मी त्याला म्हटलं, पोस्टात लागला असतास तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "गप गं, चेंडू बघ." इतका खुशीत. आमचा संघ हरत होता हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

सातव्या डावाच्या मधोमध सगळं मैदान उभं राहून गातं, तसं गाऊन झालं. बर्नीला गुडघ्यांमुळे उठता येत नाही, तो बसूनच गातो. आम्ही खाली बसलो तेव्हा त्याने सिरिलच्या दंडावर हात ठेवला.

"सिरिल, मला एक बोलायचंय, आणि तू मधे बोलू नकोस. मार्गितचं आम्हाला कळलं."

सिरिलने विचारलं, काय कळलं.

"त्या उन्हाळ्याचं. तिच्या पोटात गाठ होती, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, आणि संपामुळे आपला कुणाचाच विमा चालू नव्हता. म्हणून तू आत गेलास. मार्गित स्वतः इर्माला बोलली होती, पिरोही करताना. कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. आमच्या इर्माने ती गेल्यावर मला सांगितलं." बर्नीचा आवाज गेटवरचा राहिला नव्हता. "अरे गाढवा, एक शब्द बोलायचास. आम्ही वर्गणी काढली असती. आणि ती नोट परत फिरवली ती मी. मीच खूण केली होती. बायको आजारी असलेल्या माणसाला आम्ही… मला झोप नाही लागत त्याने. मला माफ कर."

ऐंशी वर्षांचा माणूस, डोळे पुसायला रुमाल शोधत होता आणि त्याला खिसा सापडत नव्हता. पलीकडचे सगळे मैदानाकडे बघत होते, पण ऐकत होते. त्यांनाही ठाऊक होतं, हे मला तेव्हा समजलं. आजची जागा, रूडीची चेष्टा, कांदा घातलेला हॉट डॉग, सगळं त्या गाठीवर उभं होतं.

आणि गाठ नव्हती. त्या उन्हाळ्यात मार्गित धडधाकट होती. माझ्या अंगणात बसून तिने माझ्याबरोबर टोमॅटोच्या बरण्या भरल्या होत्या. आमच्या चुलत बहिणीच्या लग्नात चपला काढून पोल्का नाचली होती. डॉक्टरकडे ती गेली ती फक्त चष्म्याचा नंबर काढायला. माझ्या बहिणीने तळघरात पीठ लावलेल्या हातांनी हे खोटं रचलं होतं, आणि नवऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता. मला तिची लाज वाटली. मग, मेलेल्या बहिणीची भर मैदानात लाज वाटावी याची लाज वाटली. कारण तिने ते का केलं हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. दर गुरुवारी ती त्या बायकांत बसायची आणि कारखान्यात एकट्याने जेवून आलेल्या माणसाकडे घरी परत जायची.

मी सिरिलच्या बुटावर माझा बूट ठेवला आणि दाबला. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. एवढंच करायचं होतं त्याने. मान हलवायची, बर्नीचा हात धरायचा, आणि मरेपर्यंत सावलीत बसायचं. कुणाचं काही जात नव्हतं. मार्गितने किंमत भरून ठेवली होती.

मैदानात आमचा एक जण बाद झाला. सिरिल तो बाकावर जाऊन बसेपर्यंत बघत राहिला.

"बर्नी," तो म्हणाला, "तू माझी माफी मागू नकोस. मार्गितला काही झालं नव्हतं."

"ती स्वतः इर्माला—"

"ती माझ्यासाठी बोलली. तिच्यावर राग धरू नका. तिला काहीही झालं नव्हतं."

बर्नीने हात काढून घेतला नाही, पण तो हात तिथे नुसताच राहिला. मग त्याने विचारलं, "मग कशाला गेलास?"

मला वाटलं, आता तरी हा काहीतरी सांगेल. घराचे हप्ते, कर्ज, काहीही. प्रत्येकाकडे होतं काहीतरी.

"फोरमनचा फोन आला," सिरिल म्हणाला. "म्हणाला, तुझ्या लेथवर तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. मला बरं वाटलं. घरात बसून मला भीती वाटायला लागली होती, आपण कुणीच नाही अशी. मी पहाटे उठून कपडे करून स्वयंपाकघरात बसायचो. फोन आला आणि मी गेलो." मी बुटावर इतकं दाबत होते की त्याला दुखत असणार. "मशीन सुरू झालं तेव्हा मला आनंद झाला, बर्नी. तुम्ही सगळे गेटवर होतात आणि मला आत आनंद झाला. तेच मला कधी सांगता आलं नाही."

बर्नीने हात काढून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि गुडघा चोळत बसला. पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. माझ्या अलीकडचे चौघेही पुढे वाकून मैदानाकडे बघत होते, जिथे चेंडू टाकणारा पिचर नुसता बुटाची माती झाडत होता.

मग शेंगावाला आला.

रूडीच्या अगदी बाजूला उभा राहून तो ओरडत होता. पलीकडच्या खादाडांपैकी एकाचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. शेंगा हव्या असतील तर नोट सिरिलच्या हातात द्यावी लागणार होती. ती त्याच्या हातात द्यायची की त्याला ओलांडून द्यायची, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठरवता येईना. दिली तर माफ केलं, ओलांडली तर पुन्हा वाळीत टाकलं. तेव्हा त्यांनी काहीच मागितलं नाही. अलीकडच्या चौघांची अडचण नव्हती, ते थेट घेऊ शकत होते, त्यांनीही घेतलं नाही. शेंगावाला आमच्या रांगेकडे बघत जरा थांबला, कारण आत्तापर्यंत त्याचा अर्धा माल आम्हीच संपवला होता. मग पुढे गेला. थोड्या वेळाने बिअरवाला आला. तोही तसाच गेला. ऊन सावलीपर्यंत सरकलं होतं, सगळ्यांचे घसे सुकले होते. बर्नी ओठांवरून जीभ फिरवत होता, गुडघ्यांमुळे त्याला उठून जाता येत नव्हतं.

सिरिल दोन्ही हात मांडीवर तसेच तयार ठेवून बसला होता. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने हात उचलून काखेत घेतले, थंडी वाजत असल्यासारखे.

आठवा डाव चालू असताना तो उठला. "जरा जाऊ द्या," म्हणाला. माणसांनी गुडघे आत घेतले. एवढ्या वर्षांत शेवटचा गडी बाद व्हायच्या आधी हा माणूस जागचा हलला नव्हता, पाऊस आला तरी नाही. मी त्याच्यामागे गेले.

स्टँडच्या पाठीमागे, जिथे कचऱ्याची पिंपं ठेवतात, तिथल्या भिंतीला टेकून तो उभा होता. मी खूप बोलले. तू कोण मोठा सत्यवादी लागून गेलास, म्हटलं. म्हाताऱ्याने माफी मागितली होती, घ्यायची आणि गप्प बसायचं. मार्गितला खोटारडी ठरवलंस चारचौघांत. हे बोलले आणि मला वाईट वाटलं, पण बोलले.

"त्याला माझी माफी मागायला लावू का, ओल्गा?" तो म्हणाला. "ऐंशी वर्षांच्या माणसाला?"

मी त्याच्या शेजारी भिंतीला टेकले. मग तो म्हणाला, "आता मी उठलोय, तर बिचारे काहीतरी खातील. केव्हाचे उपाशी बसलेत."

तेव्हा मी पाहिलं की त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. गाण्याच्या वेळी काढली होती, ती खुर्चीवर राहिली. टक्कल उन्हात चमकत होतं. मी म्हटलं, राहू दे, नवी घे. आणि मग मलाच हसू आलं, कारण सिरिल हुडाकला नवी टोपी घे म्हणणारी मीच पहिली. तोही कसनुसा हसला. मी टोपी आणायला परत गेले.

पायऱ्या चढताना मी स्वतःला तयार करत होते. ते आता हसत-खिदळत शेंगा फोडत असतील, बिअरचे ग्लास पुढे जात असतील आणि आम्हा दोघांच्या खुर्च्यांवरून हात जात असतील. तसं पाहायला मिळालं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. मनात जुळवूनही ठेवले होते.

पण कुणाच्याही हातात काही नव्हतं. शेंगावाला वरच्या पायरीवर दुसऱ्यांना माल देत होता आणि आमची रांग तशीच बसली होती, कोरडी, जुन्या बूट-टोप्यांची, एकमेकांकडे न बघणारी. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर ती निळी टोपी. तिच्यावर कुणी कोट टाकला नव्हता.

मी रूडीच्या बाजूला, पायऱ्यांवर उभी राहिले. म्हणाले, "त्याची टोपी राहिलीय."

मी आत जाऊन घेऊ शकले असते. रूडीने गुडघे आत घेतलेही. पण बर्नीने वाकून ती उचलली. ती हातात घेऊन त्याने आतल्या बाजूला पाहिलं, जिथे घामाने कापड काळं पडलेलं असतं. काय बघत होता कोण जाणे. मग रिकाम्या खुर्च्यांवरून त्याने हात लांबवला, गुडघ्यांनी जेवढं वाकू दिलं तेवढा, आणि टोपी पुढच्याने घेतली. त्याने शेजाऱ्याला दिली. त्याने पुढच्याला. टोपी सरकत सरकत रूडीकडे आली आणि रूडीने माझ्या हातात ठेवली. मी जुळवलेले चार शब्द मला आठवले नाहीत.

सिरिल तिथेच भिंतीपाशी उभा होता. मला पाहून त्याने आधी विचारलं, "घेतलं का त्यांनी काही?"

"नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. मी टोपी पुढे केली, पण तो घेईना. विचारलं, "कुणी दिली?"

"बर्नीने उचलली. मग हातोहात आली."

मग त्याने ती घेतली. मैदानात कुणीतरी जोरात फटका मारला असावा, सगळे ओरडत होते, पण आम्ही गाडीकडे चालू लागलो. मी रेडिओ लावू का विचारलं. तो नको म्हणाला. घर येईपर्यंत त्याने ती टोपी डोक्यावर घातली नाही. मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरली होती.